सांगून टाक ना यार!

माझा रूम पार्टनर रोज ओलान्झापिनची गोळी घेतो. आणि रोज रात्री टेरेसवर तंबाखूत मिसळलेला गांजाही! भास थांबेनात, म्हणून डॉक्टरांनी डोस दोनदा वाढवला. गांजाचं त्यांना माहीतच नव्हतं. मी सोबत गेलो, कोपरानं ढोसलं, तेव्हा पठ्ठ्या बोलला.

मॅडम अजिबात चिडल्या नाहीत. म्हणाल्या, गांजानं भास बळावतात, ते आहेच. शिवाय त्या धुरानं यकृतातली एन्झाइम्स जोरात कामाला लागतात आणि औषध रक्तात कमी उरतं. पण धूर एकदम सोडला, तर तोच डोस जड होतो, माणूस दिवसभर पेंगतो. म्हणजे सोडतानाही सांगायचंच. (होळीची भांग १९८५च्या कायद्यातून सुटली असेल, भासांना मात्र धूर लागत नाही.)

शनिवारी पुन्हा अपॉइंटमेंट. साहेबांचं पाकीट अजून कपाटात आहे.