चोवीस अंशांचा गारठा

आषाढात खालापूरकडच्या आमच्या कुंभिवलीच्या शेतांत आवणी सुरू असते तेव्हा पारा दिवसभर चोवीस-पंचवीसच्या आसपास रेंगाळतो. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पोटरीभर चिखल, कमरेत वाकलेल्या बाया आणि पाठीवर न थांबणारी धार. दुपारी बांधावर चहा येतो तेव्हा त्यांच्या बोटांची टोकं पांढरीफटक, सुरकुतलेली असतात. पेला आधी दोन्ही तळव्यांत फिरतो, मग गालाला लागतो, ओठांची पाळी शेवटी. गारठा मी म्हणत असतो.

मुंबईच्या ऑफिसात माणसं पैसे मोजून हेच चोवीस अंश विकत घेतात. १ जानेवारी २०२० पासून घरगुती एसी सुरू केला की तो आपोआप २४ वर यावा, असा नियमच आहे. मे महिन्यातल्या एखाद्या रात्री पारा चोवीसवर उतरला, तर सकाळी आमचा अख्खा गाव म्हणतो, आज डोळा लागला बघा. आणि जानेवारीत दहाच्या उन्हात तेच चोवीस अंश इतके उबदार लागतात की ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं खांद्यावरची शाल बाजूला ठेवतात.

कातडीला हवेचं तापमान कळतच नाही. अंगातली ऊब किती वेगानं बाहेर चालली आहे, किंवा बाहेरची किती आत शिरते आहे, त्यावर तिचं स्वतःचं तापमान ठरतं, आणि तेवढंच तिला कळतं. भिजलेलं लुगडं ती ऊब झपाट्यानं ओढून घेतं, वर वारा सुटला तर विचारूच नका. गार आणि गरम जाणणारी कवाडंही कातडीत वेगवेगळी आहेत. त्यांतलं एक, ४३ अंशांच्या आसपास उघडणारं, डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये मिरचीच्या तिखटपणाचा माग काढत शोधलं. या कामाबद्दल त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. ठेचा खाल्ल्यावर तोंड पोळतं ते खरोखरच पोळल्याच्या वाटेनं, आणि पुदिन्यानं जीभ गार पडते ती थंडीच्या वाटेनं.

खोपोली-खालापूरकडे राहणाऱ्याला हा फरक रोज घाटात दिसतो. पुण्याहून येणारी एसटी खंडाळ्यात असते तेव्हा खिडकीशी बसलेला माणूस काच ओढून घेतो. बोरघाट उतरून गाडी खोपोलीत शिरते, आणि तोच माणूस काच उघडून रुमालानं मान पुसू लागतो. लोणावळा सहाशे मीटरच्या वर, खोपोली पार पायथ्याशी. एवढ्या उतारानं पारा फार तर तीन-चार अंश चढतो, पण हवा दमट होते आणि घाम वाळेनासा होतो. आम्ही त्या वेळी फाट्यावर उभे असतो आणि आम्हाला काहीच झालेलं नसतं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी १९१५ पासून खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून पाताळगंगेत येतं. मे महिन्यात त्यात डुंबणाऱ्या पोरांचे ओठ निळे पडतात, आणि काठावर कपडे धुणारी आई पदरानं वारा घेत असते.

सावरोली–खारपाडा रस्त्यावरच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली पुष्कळ मुलं आहेत. पौषात पहाटे पारा पंधराच्या खाली गेला की आमच्याकडे कानटोप्या निघतात, भुईवर शेकोट्या पेटतात, वालाच्या शेंगांची पोपटी लावायला ही थंडी हवीच असते. ही मुलं मात्र उघड्या अंगानं बोअरखाली आंघोळ करतात. त्यांच्या गावी या दिवसांत धुक्यात सूर्यही दिसत नाही, मग याला ती थंडी म्हणतील कशी? शिवाय बोअरचं पाणी त्या पहाटे कोमटच लागतं. जमिनीच्या पोटात ते वर्षभर जवळजवळ सारखंच असतं. वैशाखात त्याच नळाचं पाणी गार लागतं आणि आपण म्हणतो, काय सुंदर गार पाणी आहे इथलं!

एप्रिल आला की मात्र ही मुलं हैराण होतात. “आमच्याकडे लू चालते, पण सावलीत बसलं की जीव थंडावतो, इथं सावलीतही सदरा पाठीला चिकटतो,” असं ती म्हणतात. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका प्रयोगात डॉक्टर चार्ल्स ब्लॅग्डेन सव्वाशे अंशांच्या वर तापवलेल्या खोलीत काही मिनिटं उभे राहिले. अंडी आणि मांस त्या खोलीत शिजलं, माणसं धडधाकट बाहेर आली, कारण हवा कोरडी होती आणि घाम वाळत होता. आमच्या रायगडात भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश नोंदले गेले, तेव्हा तो आकडा देशभर गाजला. पण कोकणातल्या माणसाला घायाळ करतात ते दमट हवेतले छत्तीस-सदतीस अंश, आणि ते कुणाच्या बातमीत येत नाहीत.

थंडी आणि ऊन ही दोन्ही टोकं एकाच माणसाच्या वाट्याला कशी येतात, हे मी वीटभट्टीवर पाहिलं. दिवाळी सरली की आमच्याकडची कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. विटा थापायचं काम मध्यरात्र उलटल्यावर सुरू होतं. पुरुष पायांनी गारा तुडवतो, बाई उकिडवी बसून साच्यात गोळा आपटते, हातानं वरचा गारा निपटते, साचा पालथा करते, पुन्हा पाण्यात बुडवते. बाजूला गोणपाटात गुंडाळलेलं पोर झोपलेलं. तुसाच्या धगीचा धूर जमिनीलगत पसरलेला. मी स्वेटर घालून उभा होतो आणि दात वाजत होते.

“मावशी, हात गारठत नाहीत?”

“हात चालतात तवर नाय गारठत. बसली का मग मरणाची थंडी.”

राबणारं अंग स्वतःच ऊब तयार करतं. पौषात ती ऊब तिला तारते. चैत्र-वैशाखात भट्टी लागलेली असते, वर ऊन, समोर धग, आणि अंगाची ती ऊब तिच्याच जिवावर उठते. सायकलच्या ट्यूबचे रबरी तुकडे तळव्यांना बांधून ती भाजलेल्या विटा काढते, डोक्यावर रचते, फळीवरून ट्रकवर चढवते. तिची झोपडी म्हणजे माती न लावता एकावर एक रचलेल्या विटा आणि वर पत्रा. दुपारी दोनला तो पत्रा तडतडतो आणि आत बसवत नाही, म्हणून ती विसाव्यालाही बाहेरच, ट्रकच्या सावलीत. यांना उन्हाची सवय असते, असं भट्टीवरही ऐकलं आणि फार्महाउसच्या अंगणातही. सवय होते हे खरं. आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयावरचा ताण उतरतो. पण त्या सवयीलाही पाणी लागतं, सावली लागते, रात्रीची झोप लागते. पत्र्याखाली झोप कुठून आणायची?

१६ एप्रिल २०२३ ला याच जिल्ह्यात, खारघरच्या मैदानावर, महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो माणसं भक्तिभावानं जमली होती. गावागावांतून आलेली, त्यांत शेतात राबणारीही पुष्कळ. डोक्यावर मांडव नव्हता. नवी मुंबईत त्या दिवशी पारा अडतीसच्या आसपास होता. नागपूरला किंवा चंद्रपूरला अडतीस म्हणजे एप्रिलातला बरा दिवस. खारघरला उष्माघातानं चौदा माणसं गेली.

हवामान खातं हे जाणतं. उष्णतेची लाट ठरवताना ते मैदानी भागाला ४०, किनाऱ्याला ३७ आणि डोंगराळ भागाला ३० अंश अशा निरनिराळ्या पातळ्या धरतं, आणि वर पारा सरासरीपेक्षा किती चढला तेही पाहतं. कचेरीतल्या तक्त्यानं जर जागाजागांतला फरक मान्य केला आहे, तर मुकादमानं आणि घरमालकानं माणसामाणसांतला का करू नये?

म्हणून भट्टीवाल्यांना, ठेकेदारांना आणि कर्जत-खालापुरात बंगले बांधणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. मार्च लागला की काम पहाटे सुरू करा आणि दुपारी बारा ते चार बंद ठेवा. जाळीची सावली करा, माठ भरून ठेवा, मीठ-साखरेचं पाणी द्या. नव्यानं आलेल्या माणसाला पहिले आठ-दहा दिवस निम्मंच काम सांगा. आणि तो म्हणाला की उकडतंय, तर आपल्याला उकडत नसलं तरी त्याला बसू द्या.