भिलाईच्या अंगणातला उन्हाळा

मे महिन्यात भिलाईला फिरायला कोणी जात नाही. मी गेले, कारण आत्याने फोनवर सांगितलं, "या वर्षी ये बाई. पुढच्या उन्हाळ्यात ही बाग नसेल."

नागपूरहून निघालेली गाडी गोंदिया सोडते आणि पुढे हळूहळू स्टेशनांवरच्या मराठी पाट्या संपतात. मग डोंगरगडची टेकडी, राजनांदगाव, दुर्ग आणि लगेच भिलाई नगर. बाहेर पडलं की आधी डोळ्यांत भरतात ती झाडं. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला आणि इथे पोलाद कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबरच सेक्टरांचं आखीव गाव वसलं. त्यात केरळपासून बंगालपर्यंतची माणसं आली, तशी विदर्भातली मराठी कुटुंबंही आली. खालच्या मजल्यावरच्या क्वार्टरला पुढे-मागे थोडी जागा मिळते. त्या तुकड्यात कोणी शेवगा लावला, कोणी कढीलिंब. आत्याने सगळंच लावलं.

काका जूनअखेरीस निवृत्त होणार. मग क्वार्टर सोडायचं आणि नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचं. बावीस वर्षांची बाग काही ट्रकमध्ये भरता येत नाही. तरीही आत्या रोज पहाटे पाच वाजता खुरपं घेऊन बागेत हजर!

पहाटेचं काम : पाणी

पहिल्याच दिवशी माझ्या हातून चूक झाली. दुपारी दोन वाजता भेंडीची रोपं माना टाकून बसलेली दिसली. मी धावत जाऊन नळाला पाइप लावला. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पाणी चहा करण्याइतकं गरम होतं, हे पायावर थेंब उडाला तेव्हा कळलं. तोपर्यंत चार कोवळी रोपं भाजली होती.

आत्या रागावली नाही. म्हणाली, "दुपारी झाडं मान टाकतातच. संध्याकाळी उभी राहिली तर त्यांना काही झालेलं नाही. सकाळीसुद्धा मान खालीच असेल, तर पाणी कमी पडलं समज."

हा नियम तुम्हीही लक्षात ठेवा. पाणी पहाटे द्यायचं, नाही तर सूर्य मावळल्यावर. पाइपमधलं पहिलं पाणी बादलीत सोडायचं. पाणी पानांवर न उडवता आळ्यात सोडायचं. रोज शिंतोडे मारण्यापेक्षा जमिनीतल्या झाडांना एक-दोन दिवसांआड भरपूर पाणी द्यावं, म्हणजे मुळं खोल जातात. कुंड्यांचं मात्र वेगळं. त्या चटकन तापतात, त्यांना रोज पाणी लागतं. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. आत ओल लागली तर थांबा.

भिलाईच्या नळाला येणाऱ्या पाण्यामागे तांदुलासारखी दूरची धरणं आहेत. तिथून येणारं पाणी मरोद्याच्या तलावात साठवलं जातं. म्हणून आत्या भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी बागेतच ओतते. कूलरचं पाणी मात्र कुंडीला देत नाही. कूलरमध्ये पाण्याची वाफ होत राहते आणि क्षार मागे उरतात, ते कुंडीत साचतात. ते पाणी ती आंब्याच्या मोठ्या झाडाखाली पांगवते. कूलरची टाकी आठवड्याला रिकामी केली की डासांचीही सोय राहत नाही.

मडकं आणि पाचोळा

वांग्याच्या वाफ्यात मला मातीतून वर आलेली तीन मडक्यांची तोंडं दिसली. न रंगवलेलं साधं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. पाणी मडक्याच्या अंगातून हळूहळू झिरपतं आणि आजूबाजूची मुळं ते पितात. दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरायचं. चार दिवस गावाला जायचं असेल, तर याच्यासारखा माळी नाही.

बाकी सगळ्या जमिनीवर आंब्याचा पाचोळा तीन-चार बोटं जाड पसरलेला. इथली ती मुरमाड लाल जमीन, तिला छत्तीसगडी लोक 'भाटा' म्हणतात. तिच्यात पाणी टिकत नाही. पिवळसर ती 'मटासी' आणि काळी ती 'कन्हार'. आत्याला बागेत भाटाच मिळाली होती. बावीस वर्षं पाचोळा आणि शेणखत घालून तिने ती काळसर केली. मूठभर माती माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "ही माझी खरी कमाई. हिचीच गाठोडी बांधता येत नाही."

पाचोळा पसरताना एक काळजी घ्या. तो खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. नाही तर खोड कुजतं आणि वाळवीला आयती वाट मिळते.

फुलांची निगा

हिवाळ्यात भिलाईत फुलांची चंगळ असते. मैत्रीबागेत तेव्हा पुष्पप्रदर्शनही भरतं. ही बाग १९७२ सालची, भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण. डेलिया, पिटुनिया मात्र एप्रिलमध्येच निरोप घेतात. मग उन्हाळा सांभाळतात ती झिनिया, सदाफुली, सकाळी उमलून दुपारनंतर मिटणारा चिनी गुलाब आणि मोगरा.

मोगऱ्याला भरपूर ऊन आणि नियमित पाणी लागतं. एक बहर संपला की फुलं येऊन गेलेले शेंडे दोन-तीन पानांसकट खुडायचे, म्हणजे नवी फूट येते आणि तिच्यावर पुन्हा कळ्या धरतात. गुलाबाची मोठी छाटणी या दिवसांत करू नये, फक्त सुकलेली फुलं काढावीत. छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि भेंडी-वांग्यावर लाल कोळी ही उन्हाळ्याची दुखणी. कोळ्याला कोरडी हवा मानवते. म्हणून पहाटे पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारायचा. पाणी पानांवर पडू द्यायचं ते एवढ्यासाठीच. तरीही हटला नाही, तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारायचं. भर उन्हात तेल फवारलं तर पानं करपतात.

वेलींचं लग्न

संध्याकाळी शेजारची दोन मुलं मोबाइल ठेवून मांडवाखाली आली. आत्याने त्यांना काम दिलं होतं : दुधीचं लग्न लावायचं!

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, लाल भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे. मधमाश्या कमी असल्या की कोवळी फळं पिवळी पडून गळतात. मादी फुलामागे इवलासा दुधी असतो, नर फुलामागे नुसता देठ. नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवला की झालं. मुलांनी पाच लग्नं लावली आणि प्रत्येकाला दोरा बांधून खूण केली. तुमच्या घरी मुलं कंटाळली असतील, तर हे काम नक्की द्या.

नवतपा

साधारण २५ मेला सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नऊ दिवसांचा नवतपा सुरू होतो. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रस्ते ओस पडतात. घरोघरी कैरीचं पन्हं होतं. आमच्या भाजीवाल्या काकी सकाळी बोरे-बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात, कांद्याबरोबर खाऊन निघतात.

बागेत या दिवसांत नवं रोप लावायचं नाही, खत घालायचं नाही. कोवळ्या रोपांवर हिरवी शेडनेट टाकायची आणि पक्ष्यांसाठी परळात पाणी ठेवायचं. पण रिकाम्या वाफ्यांना या उन्हाचा फायदा होतो. माती खणून उलटीपालटी करून तापू द्यायची. किडींचे कोष आणि तणांच्या मुळ्या उघड्या पडून मरतात. पावसाळ्यासाठी वाफा तयार होतो.

आत्याचे तीन वाफे असेच तापत पडले होते. काकांनी विचारलं, "आता कशाला खणतेस? जुलैत आपण इथे नसणार."

आत्याने उत्तर दिलं नाही. तिने स्टीलचा डबा आणला. त्यात राख लावून ठेवलेलं बी होतं : दोडका, चवळी, लाल भाजी. अर्धं बी कागदाच्या पुड्यांत बांधलं. एक पुडी काकींच्या बाडीसाठी, दोन शेजारणींना, एक मला, एक नागपूरच्या गॅलरीसाठी. मोगऱ्याच्या फांद्या कलमासाठी पावसात कापायच्या ठरल्या. मग उरलेल्यातलं दोडक्याचं बी तिने रात्रभर पाण्यात भिजत घातलं.

निघायच्या दिवशी पहाटे आम्ही दोघींनी मांडवाखाली आळी केली आणि प्रत्येक आळ्यात तीन-तीन बिया टोचल्या. दोडक्याला फळ धरायला दीड-पावणेदोन महिने लागतात. मी हिशेब केला. "म्हणजे खाणार कोण, आत्या?"

ती हात धूत म्हणाली, "आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मागच्या कुंपणावर कारली लागली होती. कोणी लावली, मला ठाऊक नाही. पहिला आठवडा आम्ही तीच भाजी खाल्ली."

गाडीत बसल्यावर मी पुडी उघडून पाहिली. काळ्याभोर बारा बिया. माझ्याकडे मांडव नाही, पण खिडकीला जाळी आहे. पहिला पाऊस पडला की लावेन.