हरिहरेश्वर ते गुहागर : हँडलवरच्या पिशवीची परीक्षा

प्रवासास निघतांना बरोबर काय न्यावें याची चर्चा घरोघर होते. परंतु जें न्यावयाचें तें बांधावें कसें, याचा विचार फारसा होत नाहीं. आगगाडींत किंवा मोटारींत तो न केला तरी चालतें. सामान एका कोपऱ्यांत पडून राहतें. सायकलीवर मात्र सामान हाही एक प्रवासीच असतो, आणि तो चुळबुळ करूं लागला कीं बसणाऱ्याचा तोल जातो.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलीवर जगप्रवासास निघाले व त्यांपैकीं तिघे १९२८ सालीं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले, हें वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. त्यांच्यामागून कित्येक दशकें लांबच्या सायकलप्रवासाचें ओझें मुख्यतः लोखंडी कॅरिअरवरच लादलें जाई. अलीकडे ‘बाइकपॅकिंग’ या नांवानें निराळी पद्धत रूढ झाली आहे. तींत कॅरिअर नसतो. लहान, मऊ पिशव्या बैठकीखालीं, सांगाड्याच्या त्रिकोणांत आणि हँडलवर पट्ट्यांनीं थेट आवळतात. सायकल अरुंद राहते, खाचखळग्यांत कॅरिअर मोडण्याचें भय उरत नाहीं, आणि खाडी ओलांडावयाची झाल्यास ती एकट्यानें उचलून होडींत ठेवतां येते. मात्र ज्या पट्ट्यांवर हा सर्व संसार उभा, ते पट्टे चोख हवेत. या पिशव्यांत हँडलवरची पिशवी सर्वांत खोडकर.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही व आमची पुतणी असे दोघे हरिहरेश्वराहून गुहागरास सायकलीनें गेलों. समुद्राच्या कडेकडेनें जाणारा हा रस्ता शंभर किलोमीटरच्या आसपासचा. पण सपाट असा थोडाच. गांवें खालीं नारळी-पोफळींच्या सावलींत, आणि दोन गांवांमध्यें जांभ्याचा उघडा सडा. म्हणजे चढावें, माथ्यावर घटकाभर वारा खावा, आणि पुन्हां वळणावळणांनीं उतरावें. हँडलवरच्या पिशवीस याहून कडक परीक्षक मिळणें कठीण.

बागमांडल्याजवळ सावित्री नदी समुद्रास मिळते. नदीच्या अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. जंगलजेटीवर मोटारींच्या रांगेंत आमच्या दोन सायकली अंग चोरून उभ्या राहिल्या. पैलतीरीं बाणकोटचा किल्ला दिसत होता. वेसवीस उतरून आम्ही केळशीच्या वाटेस लागलों. पहिला चढ सुखरूप पार पडला, उतारावर मात्र मागून हांक आली, “काका, थांबा! पिशवी बोलायला लागली.”

थांबून पाहिलें. ही पिशवी पुतणीनें एका मैत्रिणीकडून मागून आणिली होती. दोन पट्ट्यांनीं ती हँडलला बांधलेली, आणि दोन्ही पट्टे जागच्या जागीं घट्ट. तरीही पिशवीचें पोट लोंबून टायरपासून जेमतेम दोन बोटांवर आलें होतें. खड्डा आला कीं तें टायरला टेके व घासे. तोच तो आवाज. शिवाय पिशवीमागें गिअरची तार अशी दबली होती कीं गिअर बदलतांना अडखळे. एका पट्ट्याचें मोकळें शेंपूट वाऱ्यावर फडफडत होतें. असलें शेंपूट आऱ्यांत गुंतलें, तर पुढचें चाक जागच्या जागीं थांबतें आणि सायकल बसणाऱ्यासह पुढें उलटते. रस्त्याच्या डाव्या अंगास दरी होती, इतकें सांगितलें म्हणजे पुरे.

पट्टे घट्ट असतां पिशवी लोंबली कशी? दोन ठिकाणीं टांगलेली वस्तु म्हणजे पाळणा. पाळण्याच्या दोऱ्या कितीही मजबूत असल्या तरी त्याचें झुलणें थांबत नाहीं. तें थांबवावयाचें तर तिसरा आधार हवा. त्यांतून हँडल हें सायकलीचें सुकाणूं. तेथलें वजन प्रत्येक वळणास हँडलबरोबर फिरतें, आणि तें हँडलपासून जितकें पुढें जाईल तितकें हातांस जड लागतें.

एका काजूच्या झाडाखालीं सायकली टेकवून पुतणीनें दुरुस्ती मांडली. प्रथम आंतला ऐवज तपासला. कुलूप, हत्यारें व पाण्याची बाटली ही जड मंडळी सांगाड्याच्या पिशवींत रवाना झाली; हँडलवर उरलें एक पातळ जाकीट, एक पांघरूण आणि खजुराचा पुडा, सारें मिळून किलोभर. पंक्चरच्या सामानांत जुन्या ट्यूबचे तुकडे होते. त्यांतला एकेक तुकडा पट्ट्याखालीं हँडलभोंवतीं गुंडाळला, म्हणजे पट्टा गुळगुळीत नळीवर सरकणार नाहीं. पिशवी व हँडल यांमध्यें रबराचीच जाड गुंडाळी घालून बोटभर फट राखली, म्हणजे ब्रेकच्या व गिअरच्या तारा मोकळ्या राहतील. मग ट्यूबची लांब पट्टी पिशवीच्या पाठीकडून काढून, तारांच्या आंतून, हँडलखालच्या उभ्या नळीस बांधली. हा तिसरा आधार. शेवटीं पट्ट्यांचीं शेंपटें दुमडून पट्ट्यांखालींच खोंवलीं. या सर्वांस अर्धा तास लागला.

बांधणी झाल्यावर तीन परीक्षा घ्याव्या. हँडल दोन्ही बाजूंस पुरतें वळवावें. कोणतीही तार ताणतां कामा नये, तिसरा पट्टा अडतां कामा नये. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेंपुढें हालवावी. पिशवीनें सायकलीबरोबर हालावें, तिच्यामागून नव्हे. नंतर पुढचें चाक वीतभर उचलून सोडावें; खडखड ऐकूं येऊं नये, आणि पिशवी व टायर यांत चार बोटें तरी अंतर राहावें. ज्यांच्या सायकलीच्या पुढच्या चिमट्यांत स्प्रिंग असते त्यांनीं हें अंतर चिमटा पुरता दबला असतां मोजावें, एरवीं नव्हे.

केळशी, आंजर्लें मागें पडलीं. हर्णैस समुद्रांत सुवर्णदुर्ग दिसला, आणि पुढें मुरुड आलें. हें महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव. लहान वयांत परीक्षेसाठीं ते येथून थेट साताऱ्यास घाट चढून पायीं गेले होते, आणि वय कमी दिसतें म्हणून परीक्षेस बसावयास न मिळतां परतले. ती वाट आठवल्यावर आमच्या चढांची तक्रार करण्यास दोघांचीही जीभ रेटेना. मुक्कामीं रात्रीं सायकली अंगणांत होत्या. दंवानें भिजलेले पट्टे सकाळीं किंचित् सैल लागले. ते पुन्हां आवळल्यावांचून निघावयाचें नाहीं, असा नेम पुतणीनें तेव्हांपासून केला.

दाभोळास पुन्हां जंगलजेटी, पुन्हां खाडी, या वेळीं वाशिष्ठीची. धोपाव्याचा चढ चढून गुहागरच्या बाजूस उतरतांना ती पुढें होती आणि आम्ही मागें. वळणामागून वळण गेलें. पिशवी चकार शब्द बोलली नाहीं.

गुहागरचा व्याडेश्वर हें कित्येक कुटुंबांचें कुलदैवत, आणि वाचकांपैकीं पुष्कळांचें तेथें जाणेंयेणें असेल. अशा घरांतील मुलामुलींनीं एकदां सायकलीनें जाण्याचा हट्ट धरला, तर वडील मंडळींनीं नाहीं म्हणूं नये. निघण्यापूर्वीं अंगणांत पुढचें चाक वीतभर उचलून सोडावयास मात्र लावावें, आणि कान देऊन ऐकावें.