तारेचं देणं

आमच्या मावला गावात घरात मराठी, दारात तेलुगू आणि आदिलाबादच्या बाजारात उर्दू. कापसाच्या या मुलखातून मी नव्वदच्या दशकात जुन्नर तालुक्यातल्या खोडदला कामाला गेलो, तेव्हा तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या राहत होत्या. त्या दिवसांपासून दोन माणसांचं देणं माझ्यावर आहे.

पहिले गोविंद स्वरूप, या तबकड्या कल्पिणारे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. कमी वारंवारितेच्या रेडिओ लहरी लांब असतात. १५० मेगाहर्ट्‌झला दोन मीटर, १४२० ला २१ सेंटिमीटर. एवढ्या लांब लहरीला तारेच्या जाळीतली एकदोन सेंटिमीटरची भोकं फारशी जाणवत नाहीत, अखंड पत्र्यावरून परतावी तशी ती बहुतांशी परतते. वारा मात्र आरपार निघून जातो. ४५ मीटर व्यासाची तबकडी पत्र्याची केली असती, तर वादळात तिला तोलणारं पोलाद आपल्याला परवडलं नसतं. म्हणून नळ्यांच्या १६ कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेले तारदोर आणि वर ०.५५ मिलिमीटर तारेची स्टेनलेस जाळी; मध्यभागी बारीक, कडेला विरळ. अशा ३० तबकड्या! ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या ३२ लहान तबकड्यांतून कल्याणला १९६५ साली देशातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण उभारणारा हाच माणूस. काय काढून टाकता येईल, हा प्रश्न आधी विचारायचा, हे मी त्यांच्या आराखड्यांतून शिकलो.

दुसरे मामा. नारायणगावकडचे, तारा ताणणारे. सगळे त्यांना मामाच म्हणत. जाळीचे तुकडे सपाट असतात, ते मिळून अन्वस्ताच्या जवळचा आकार येतो तो ताणामुळे. मामा तारेवर तळवा टेकवून उभे राहत आणि सांगत, “साहेब, एका अंगानं वढू नका. बाज इणताना कसं, समद्या दोऱ्या एकमेकींना धरून ऱ्हात्यात.” ताणाचे आकडे माझ्याजवळ होते. त्या आकड्यांना वजन असतं, हे मला त्यांच्या तळव्यामुळे कळलं.

दिवाळीला गावी जाता येत नसे, तेव्हा मामी मला घरी बोलवायच्या. माझी वऱ्हाडी वळणाची बोली त्यांना फार आवडे. मुद्दाम बोलतं करायच्या आणि ताटात आणखी एक भाकरी वाढायच्या.

पुढे दुर्बिणीचं अद्ययावतीकरण झालं. नाभीवरचे रिसीव्हर बदलले, आता ते वारंवारितेचे रुंद पट्टे टिपतात. परावर्तक मात्र त्याच रचनेचे आहेत. माझ्या पुतणीला अँटेनाचं वेड लागलंय. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, तिला खोडदला न्यायचं ठरलंय; दुर्बीण बघून मामांच्या घरी मुक्काम.