दात दिसतात म्हणून

2024 च्या तीन जानेवारीला माझ्या धाकटीचं नाव भाषणाच्या यादीतून कापलं गेलं. आजही ते आठवलं की माझ्या हातचं काम बिघडतं. त्या दिवशी सावित्रीबाई फुल्यांची जयंती होती, शाळेत बालिका दिन होता. मुलींना शिकवायला निघाल्या म्हणून ज्या बाईंनी अंगावर शेण-चिखल झेलला, त्यांच्याच जयंतीला तिसरीतल्या पोरीला सांगण्यात आलं, "तू बोलू नको, तू फोटोपाशी हाराचं ताट धर."

आम्ही कामरगावचे, तालुका कारंजा, जिल्हा वाशीम. घरी सोयाबीन-तुरीची थोडी शेती आहे आणि मी शिवणकाम करते. दोन मुलींतली ही धाकटी. पाच वर्षांची होईस्तोवर अंगठा चोखायची. त्याने वरचे दात पुढे आले, आणि दाढा मिटल्या तरी समोरच्या दातांत फट राहायची. 'स' म्हणायला गेली की 'थ' ऐकू यायचं. बाकी पोरगी हुशार.

भाषण जेमतेम दहा ओळींचं होतं. मी शिलाई मशीनवर बसायची आणि ती समोर उभी राहून म्हणायची. पण पहिलाच शब्द 'स'चा, आणि तोही टाळता न येणारा. ज्यांची जयंती त्यांचं नाव कसं टाळणार? तालमीत तिच्या तोंडून ते नाव 'थ'ने निघालं आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. दातच तसे आहेत, तिचा काय दोष? दात सरळ झाले की बोलणं आपोआप सुधारेल. तोवर चारचौघांत उभं करून तिचं हसं कशाला करायचं?"

हीच माया मला जास्त लागली. रागावल्या असत्या तर मी भांडले असते. हसली दुसरी पोरं, आणि नाव कापलं हिचं. हसणाऱ्यांना एक शब्द कोणी बोललं नाही. पोरीला वाचवतो म्हणून तिलाच गप्प बसवायचं, हा कुठला न्याय? दोन ओळी कमी करून द्यायच्या होत्या, शेवटी बोलू द्यायचं होतं, दोघींना मिळून बोलू द्यायचं होतं. काहीही करता आलं असतं.

वर आणखी एक तक्रार होती. ती शाळेला 'शाया' म्हणते, फळ्याला 'फया' म्हणते, म्हणून 'जिभेतही दोष दिसतो'. इथं मात्र मला हसू आलं. आमच्या वऱ्हाडात माझी सासू, गिरणीवाला, दूधवाला, सगळे काया, डोया, केयं असंच म्हणतात. मग अख्ख्या गावाच्या जिभेत दोष म्हणायचा का?

त्यानंतर पोरगी शाळेत बोलेनाशी झाली. विचारलं तर मान हलवायची. घरी बोलायची, पण शब्द निवडून. साखर हवी तर "ते गोड दे", सायकलला "गाडी". 'स' असलेले शब्द ती बाजूला काढते आहे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

उपाय सांगणारे घरोघर होते. कोणी म्हणालं वेखंड उगाळून मधातून जिभेला लाव, कोणी अक्कलकरा सांगितला. सासूबाईंचा तर ठरलेला दाखला, "आपल्या कारंज्याच्या नरहरीनं सात वर्सं ओमशिवाय तोंड उघडलं नाई. मुंज झाली अन् वेद म्हणाले लागला. पोट्टीले काऊन ताण देतं?" हा नरहरी म्हणजे पुढचे नृसिंह सरस्वती; त्यांच्यावर माझीही श्रद्धा आहे. दर्शनाला जाते, हात जोडते. पण गुरुचरित्रातल्या त्या आईबापांनीही हातावर हात धरून वाट पाहिली नव्हती. त्यांनी नाना उपाय केले होते, हे मात्र आपण सोयीनं विसरतो.

दिवाळीच्या सुमारास एका दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तोंड पाहिलं, चाळीस हजार सांगितले, तारा बसवू, बोलणं साफ होईल. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात भाव चार-सव्वाचार हजारांत अडकलेला. म्हणजे दहा क्विंटल सोयाबीन पोरीच्या दातांत. यजमान काही बोलले नाहीत, पण परत येताना एसटीत गप्प होते. दुसऱ्या एकानं सांगितलं, जिभेखालची तार कापून टाका. पोरगी जीभ काढून ओठ चाटत होती, वरच्या दातांना लावत होती. तिला तार कुठं अडवत होती?

मला मात्र घरातलंच कोडं सुटत नव्हतं. थोरलीचे दात एकावर एक चढलेले, अन् बोलणं खणखणीत. आबाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, तोंडात एक दात शिल्लक नाही. कवळी घालत नाहीत, पण हरिपाठ म्हणतात तेव्हा अक्षर सांडत नाही. मग दोष दातांचा कसा?

अमरावतीला एका स्पीच थेरपिस्ट बाईंचा पत्ता मिळाला. दात पाहण्याआधी त्यांनी कान तपासून आणायला सांगितले. मला वाटलं, आता हे काय नवीन? त्या म्हणाल्या, 'स' बारीक, उंच सुराचा आवाज आहे. कान थोडे जरी कमी असले तरी लेकराला आधी तोच ऐकू येईनासा होतो, आणि जे ऐकू येत नाही ते बोलता कसं येईल? कान चांगले निघाले. मग चित्रं दाखवून त्यांनी तिच्याकडून शब्द म्हणवून घेतले. हे मी डोळे फाडून पाहिलं.

साखर, सायकल, बस यांत जीभ फटीतून बाहेर. चाक, जाळं यांतही तेच, कारण त्या शब्दांत 'च' आणि 'ज' दातांमागेच होतात. पण 'चार' बरोबर आणि 'शेंगा' बरोबर, कारण तिथं जीभ मागे टाळूपाशी जाते. त, थ, द स्वच्छ, कारण त्यांत जिभेनं दातांना लागायचंच असतं. ट, ड पक्के, तिथं जीभ वर वळते, समोरच्या दातांचा संबंध नाही. प, ब, म यांना ओठ मिटावे लागतात. दात फारच पुढे आलेल्या काही लेकरांचे ओठ मिटत नाहीत, खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून ती काम भागवतात. हिचे मिटत होते. 'शाया' ऐकून बाई हसल्या, "ही बोली आहे, याला उपचार नसतो."

म्हणजे दहा महिने ज्याला 'सगळं बोलणं बिघडलंय' म्हणत होतो, तो दोन-तीन आवाजांचा मामला होता. 'स' म्हणताना जिभेला मधोमध पन्हळ पडते, तिच्यातून हवेची बारीक धार निघते आणि दातांच्या कडेवर आपटते. जीभ फटीत शिरली की धार फुटते आणि 'थ' होतो. मी विचारलं, मग दातच ना कारण? त्या म्हणाल्या, फट जिभेला बोलावते हे खरं, पण अशी फट असलेली कितीतरी लेकरं जीभ आत ठेवून नीट 'स' काढतात. जीभ वाट शोधते. हिची जीभ अंगठ्याच्या काळापासून पुढं ढकलायला शिकली. नुसत्या तारा लावल्या आणि जीभ ढकलतच राहिली, तर फट पुन्हा पडू शकते. सहा-सात वर्षांचं लेकरू समोरचे दुधाचे दात पडल्यावर असं बोलतं, ते नवे दात आले की बहुधा जातं. आठ वर्षांनंतरही तसंच राहिलं तर थांबू नये.

अभ्यास अगदी साधा होता. आरशासमोर दाढा मिटवायच्या, जीभ आत, आणि सापासारखा आवाज काढायचा. 'त त त त' भरभर म्हणता म्हणता शेवटचा 'त' लांबवायचा, की त्याच्या शेपटीला 'स' येतो. स्ट्रॉ समोरच्या दातांपाशी धरून धार मधोमध येते का पाहायची. आधी नुसता आवाज, मग शब्द, मग वाक्य. शब्दांत 'स' लवकर आला, पण भांडताना आणि धावत सांगताना अजून निसटतो.

इतकं सांगून वर हेही सांगते, यंदा तारा बसवल्याच. दात दोषी नाहीत म्हणून मी सगळ्यांशी वाद घातला, आणि पैसे जमताच दातांच्या डॉक्टरांकडे गेले. तिलाच ती फट नको होती; हसताना तोंडावर हात जायचा. तारा लागल्या त्या पहिल्या आठवड्यांत बोलणं उलट जड झालं, 'स' पुन्हा डगमगला. आता ती मोकळेपणानं बोलते, पाचवीत आहे. आणि वक्तृत्वाची तयारी करून घेताना "शाळा म्हण, शाया नाही" असं मीच बजावते. बोलीचा एवढा कैवार घेऊन!

एक काम मात्र वाचणाऱ्यांनी करावं. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. लाजरी लेकरं त्यांच्यापुढं नुसती तोंड उघडून दात दाखवतात आणि बोलत नाहीत. दातांच्या तपासणीत बोलणं कसं दिसणार? म्हणून आई-बापानं किंवा बाईंनी शेजारी उभं राहून सांगावं, "हिला बोलायला लावा, अन् कानही बघा." पथकानं चिठ्ठी दिली तर पुढची तपासणी मोफत होते. दातांसाठी दहा क्विंटल सोयाबीन मोजण्याआधी ती चिठ्ठी घ्या.