सुलतानचे सोबती

दोन वर्षांपूर्वीच्या रमजान ईदची गोष्ट. मुलांनी आपापली ईदी एकत्र केली आणि संध्याकाळी मिरजेच्या बाजारातून दोन फुटी काचेची टाकी, चार गप्पी, दोन गोल्डफिश आणि दोन इंचांचा एक काळा-नारिंगी मासा घरी आणला. दुकानदाराने त्याचे नाव ‘टायगर ऑस्कर’ सांगितले. “लहानपणापासून एकत्र वाढले की भांडत नाहीत,” असेही तो म्हणाला. आम्ही उर्दू-मराठी शिकवणारी माणसे. माशांची आमची ओळख ताटापुरती. आम्ही मान डोलावली.

पहिला गप्पी दिसेना, तेव्हा तो शोभेच्या किल्ल्यामागे लपला असेल असे वाटले. चौथा नाहीसा झाल्यावर धाकटीने किल्लाच बाहेर काढून पाहिला. दोन महिन्यांत ऑस्कर चार-पाच इंचांचा झाला होता. मग एका सकाळी शाळेची घाई असताना त्याच्या तोंडातून गोल्डफिशची शेपटी बाहेर लोंबताना दिसली. धाकटी डबा तिथेच ठेवून रडत बसली. थोरल्याने मात्र त्याच दिवशी माशाचे नाव ‘सुलतान’ ठेवले.

आम्हाला काळजी वाटली ती त्याचीच. थोरल्याचे मित्र ‘सुलतानचे जेवण’ पाहायला येऊ लागले. दुकानात खास खाऊ म्हणून स्वस्तात मिळणारे छोटे गोल्डफिश पिशवीतून यायचे, टाकीत सोडले जायचे, आणि मुले मोबाइल धरून ओरडायची. अब्बा एक दिवस हे पाहून बाहेर आले आणि म्हणाले, “हा जालीम घरात नको. उद्या तळ्यात सोडून या.” जालीम म्हणजे मासा की नातू, हे त्यांनी सांगितले नाही.

तळ्यात सोडायचे आम्ही ठरवलेही होते. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी अडवले. परदेशी मासा तळ्यात सोडला की तो मरतो तरी, नाहीतर तिथल्या माशांच्या मुळावर उठतो. काच साफ करतो म्हणून घरोघरी पाळला जाणारा दक्षिण अमेरिकेतला ‘सकर’ पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात असाच पसरला आणि मच्छीमारांची डोकेदुखी झाला. बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. ऑस्कर हा अॅमेझॉन खोऱ्यातला मासा. आपल्या बाजारातली चिलापी आणि तो एकाच कुळातले. त्याला राग येतो म्हणून तो गप्पी खात नाही. जे तोंडात मावते ते त्याचे अन्न, एवढाच त्याचा हिशेब. चूक झाली होती ती सोबती निवडणाऱ्यांची.

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. जिवंत गोल्डफिश पहिल्यांदा बंद केले. थोरला फुगून बसला, दोन दिवस बोलला नाही. पण त्याला कारण सांगता आले: गोल्डफिशच्या शरीरात जीवनसत्त्व ब-1 नष्ट करणारा घटक असतो, रोज तेच खाऊन ऑस्कर आजारी पडतो, शिवाय दुकानातल्या गर्दीच्या टाकीतले रोगही सोबत येतात. आता सुलतान गोळी खाद्य खातो, अधूनमधून सोललेली कोळंबी, पावसाळ्यात गांडूळ. मित्रमंडळी आपोआप पांगली.

दुसरे काम टाकीचे. ऑस्कर फूटभर होतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो, हे कळल्यावर दोन फुटी टाकीकडे पाहवेना. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच अशी जुनी टाकी मिळाली. तिच्यात सव्वातीनशे लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच सव्वातीनशे किलो! ती वरच्या मजल्यावर नेण्याचा बेत अब्बांनी हाणून पाडला, ते बरेच झाले. आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलावे लागते, कारण हा मासा खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो.

आता सोबत. अब्बा टाकीसमोर खुर्ची टाकून बसू लागले होते. चार दिवसांपूर्वीचा जालीम आता ‘बेचारा अकेला’ झाला होता. आम्ही पुन्हा घाई केली. काच साफ राहील म्हणून दोन-अडीच इंचांचा सकर आणून सोडला. या माशाच्या अंगावर कवच आणि परांना टोकदार काटे असतात, संकटात तो काटे ताठ करतो. सुलतानने त्याला गिळायला घेतले आणि तो घशात अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. रात्री अकरा वाजता एकाने ओल्या फडक्यात सुलतानला धरले, दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात चिमट्याने सकर हळूहळू ओढून काढला. सकर गेला. सुलतान तीन दिवस तळाशी आडवा पडून राहिला, अन्नाला तोंड लावेना. थोरला दर अर्ध्या तासाने टाकीजवळ जाऊन येत होता. तिसऱ्या रात्री त्याने विचारले, “आपण विचारायला हवं होतं ना, आधी?” आम्ही काय सांगणार?

मग मात्र स्थळ पाहावे तशी चौकशी केली. ज्यांनी वर्षानुवर्षे मोठे मासे पाळलेत अशांकडे गेलो. सोबती तोंडात मावता कामा नये, ही पहिली अट. त्यातही लांबट मासा मोठा दिसला तरी गिळला जातो, उंच चपटा सहसा वाचतो. तो भित्रा नको, नाहीतर उपाशी राहील. अंगावर धावून जाणाराही नको. पाणी दोघांना सारखे मानवले पाहिजे. ऑस्करला साधारण 24 ते 28 अंशांचे कोमट पाणी लागते, गोल्डफिश थंड पाण्याचा. बोटभर मिळणारा रेड टेल कॅटफिश तर मोठेपणी मीटरभर होतो आणि ऑस्करलाच गिळतो. फ्लॉवरहॉर्न बरकत आणतो म्हणून लोक हजारो रुपये मोजतात. बरकतीचे माहीत नाही, पण शेजारी तो सहन करत नाही. त्याला एकटाच ठेवतात.

शेवटी सिल्व्हर डॉलर पसंत पडले. रुपयासारखे गोल, चकचकीत, दक्षिण अमेरिकेचेच, पाला खाणारे. ते थव्याने राहतात, म्हणून एक-दोन नव्हे, सहा आणले, चार-चार इंचांचे. आधी तीन आठवडे त्यांना जुन्या दोन फुटी टाकीत वेगळे ठेवले, रोग असेल तर कळावा म्हणून. टाकीत सोडण्याच्या दिवशी सुलतानला पोटभर खायला घातले, आतले दगड सगळे इकडचे तिकडे केले आणि दिवा बंद केला. दगड हलवले की जुन्या मालकाला आपली हद्द आठवत नाही आणि नव्यांना थोडी सवड मिळते. त्या रात्री घरात कुणी नीट झोपले नाही.

पहिल्या आठवड्यात एकाचा पर फाटला, नंतर भरून आला. सुलतान आजही कधी कधी त्यांच्यावर धावतो, पण ते वेगाने वळतात आणि पुन्हा एकत्र येतात. मध्ये थोरल्याने हट्टाने दुसरा ऑस्कर आणला होता. दोघे तोंडात तोंड अडकवून भांडले. चौथ्या दिवशी पाहुणा परत गेला, त्याचा आग्रह आम्ही पुन्हा केला नाही. टाकीत झाडे लावायचेही सोडून दिले. डॉलर ती खातात आणि उरलेली सुलतान उपटतो.

सुलतान आता अकरा इंचांचा आहे. अब्बा फजरसाठी उठले की आधी टाकीपाशी जातात, दिवा न लावता छोट्या बॅटरीने मोजतात. धाकटी जागी असली तर पांघरुणातूनच विचारते, “दादा, किती?”

“सहा.”