माधुरीला हिरोच न्हाई दिला

‘डेढ इश्किया’ या सिनेमाबद्दल मी आजवर जेवढी मतं ऐकली त्यात पहिला नंबर या मताचा: ‘माधुरीला हिरोच न्हाई दिला राव.’ दुसरा नंबर: ‘उर्दू लै हाय.’ तिसरं मत माझ्या आईचं. ते पुढं येईल.

मी लोह्याचा. नांदेडहून लातूरला जाताना रस्त्यात लागणारं तालुक्याचं गाव. वय तीस, नोकरी पुण्यात, आणि मला पुरुष आवडतात. यातली शेवटची गोष्ट लोह्यात एकाच माणसाला माहीत आहे. त्यामुळे सिनेमा बघून उठल्यावर लोक काय बोलतात ते मी फार कान देऊन ऐकतो. पेरणीआधी माणूस आभाळाकडं बघतो तसं. आपण तोंड उघडलं तर काय होईल, याचा अंदाज दुसरीकडं कुठं मिळणार?

पहिला अंदाज मिळाला तो ‘दोस्ताना’मुळं. नोव्हेंबर २००८. मी आठवीत होतो. मायामीत फ्लॅट भाड्यानं मिळावा म्हणून अभिषेक बच्चन आणि जॉन अब्राहम आपण जोडपं असल्याचं नाटक करतात, एवढीच गोष्ट. पिक्चर बघितलेली पोरं वर्गात चार-पाच असतील, पण महिन्याभरात सगळ्या शाळेला एक नवा शब्द मिळाला. एका बाकावर बसणारी, एका सायकलवर येणारी कुठलीही दोन पोरं ‘दोस्ताना’. त्याआधी आम्ही एकमेकांच्या गळ्यात हात टाकून गावभर फिरायचो, कुणाला काही वाटायचं नाही. या सिनेमानं मोकळं बोलायची सुरुवात केली असं नंतर शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकलं. असेल. आमच्याकडं मात्र गळ्यातले हात खाली आले.

बाईच्या वेषातल्या पुरुषाला हसणं आम्हाला नवं नव्हतं. लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, लाल कंधारी बैल, आणि रात्री तमाशाचे तंबू. गवळणीत ‘मावशी’ येते. मावशी म्हणजे पुरुषच. ती कृष्णाला अडवते, पेंद्याला झापते आणि समोर बसलेल्या एखाद्या पाटलाचीही उतरवते. लोक पोट धरून हसतात. पण मी बारकाईनं बघितलंय, त्या हसण्यात मावशीचा धाकही असतो. तिला उलटं बोलून जिंकलेला प्रेक्षक मी पाहिलेला नाही. नाच्याचं तसं नाही, नाच्याला लोक नुसतं हसतात. गणपत पाटलांनी मराठी सिनेमात आयुष्यभर नाच्या इतका खरा केला, की लोक त्यांना पडद्याबाहेरही तसंच समजत. बायको-पोरं असलेल्या त्या माणसाच्या घरच्यांनाही त्याचा त्रास भोगावा लागला. म्हणजे प्रेक्षकाचं मत तंबूत संपत नाही, ते घरापर्यंत येतं.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मात्र आमच्या घरात देवघराइतकी पक्की. आजही टीव्हीवर लागली की चुलते जेवायचं ताट घेऊन समोर बसतात. लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती आणि सचिनची सुधा यांच्यावर कुणाचाही आक्षेप नाही. तिथंही भाड्याच्या खोलीसाठीच सोंग. मूळ हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ (१९६६). घरमालकांनी अविवाहित पोरांना सरळ खोल्या दिल्या असत्या तर भारतात विनोदी सिनेमे निम्म्यानं कमी झाले असते, असं मला कधी कधी वाटतं.

वेषांतर, गैरसमज, पळापळ, एकाच्या तोंडातून दुसऱ्याचं वाक्य ओढून घेणारे संवाद, आणि सगळ्यांत जास्त डोकं बाईला: या प्रकाराला हॉलिवूडवाले १९३० च्या दशकापासून स्क्रूबॉल कॉमेडी म्हणतात. त्यात गुंडांची टोळी घातली की ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) तयार होतो. टोळीनं केलेले खून बघितले म्हणून दोन वादक बायकांच्या कपड्यांत पळ काढतात. आपल्याकडं त्याचाच ‘रफू चक्कर’ (१९७५) झाला, ऋषी कपूर आणि पेंटलचा. मूळ सिनेमाच्या शेवटी एका श्रीमंत म्हाताऱ्याला कळतं, की आपली नवरी पुरुष आहे. त्याला काहीच फरक पडत नाही, तो आपला मजेत मोटरबोट हाकत राहतो. अमेरिकेतल्या त्या वेळच्या सेन्सॉर मंडळींच्या मंजुरीशिवाय हा सिनेमा लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. लोक म्हाताऱ्याला हसले की त्याच्यासोबत हसले, हे कोण सांगणार?

तर, ‘डेढ इश्किया’. मी तेव्हा नांदेडला कॉलेजात. भाग्यनगर भागात खोली, चौघं जण. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं दिल्ली हायकोर्टाचा २००९ चा निकाल फिरवला आणि कलम ३७७ पुन्हा जसंच्या तसं लागू झालं. दुसऱ्या दिवशी खोलीवर पेपर आला. मुखेडचा पार्टनर मोठ्यानं बातमी वाचून म्हणाला, ‘बरं झालं, न्हाई तर लै माजले असते.’ कंधारचा म्हणाला, ‘कोण?’ त्यावर मुखेडवाल्याला उत्तर देता आलं नाही, कारण त्याच्या माहितीत असं कुणी नव्हतंच. मी दात घासत होतो. बराच वेळ घासले.

त्यानंतर बरोबर तीस दिवसांनी, १० जानेवारी २०१४ ला ‘डेढ इश्किया’ लागला. आम्ही तो आणखी काही आठवड्यांनी बघितला, मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून आणून. लॅपटॉप कंधारवाल्याचा, स्पीकर मुखेडवाल्याचा. चौथा पार्टनर लोह्याचाच, उर्दू शाळेत शिकलेला. म्हणून त्या रात्री त्याला दुभाष्याचं काम.

सिनेमा अभिषेक चौबेचा. खालूजान नसीरुद्दीन शाह आणि बब्बन अर्शद वारसी, दोघंही चोर. महमूदाबादच्या बेगम पारा, म्हणजे माधुरी, मुशायरा भरवतात. जो शायर जिंकेल त्याच्याशी निकाह. खालूजान नवाब बनून तिथं पोचतात. जान मोहम्मद नावाचा स्थानिक पुढारी, अर्धा गुंड, त्यालाही बेगम आणि नवाबी दोन्ही हवं. शायरी येत नाही म्हणून त्यानं एक शायरच पळवून आणलेला. विजय राजनं हे काम असं केलंय की मुखेडवाला दोनदा खाटेवरून खाली आला. गुंड अदबीनं बोलतात, अदबीनं बंदुका रोखतात. आणि सगळ्या पुरुषांना उशिरा कळतं, की हा डाव बेगम आणि तिची सखी मुनिया, म्हणजे हुमा कुरेशी, यांनी मांडलेला आहे. पुरुष फक्त सोंगट्या.

मग ते दृश्य येतं. दोन्ही चोर बांधलेले. पलीकडं भिंतीवर दोघी बायकांच्या सावल्या, हसणाऱ्या, एकमेकींत मिसळणाऱ्या. खालूजान बघतात, त्यांच्या ध्यानात येतं आणि ते बब्बनला लिहाफबद्दल काहीतरी बोलतात. एवढंच. पार्श्वसंगीतात टिंगल नाही, कुणी डोळे विस्फारत नाही. ‘दोस्ताना’त दर दोन मिनिटांनी कोपरानं ढोसत होते, इथं ढोसणारं कुणी नाही.

‘लिहाफ म्हंजे काय बे?’ कंधारवाल्यानं विचारलं.

‘रजई,’ आमचा दुभाष्या म्हणाला. पुढं काही नाही. पण माझ्याकडं एकदा बघितलं त्यानं.

शेवटी पुरुष एकमेकांवर गोळ्या झाडत बसतात आणि दोघी पैसे घेऊन निघून जातात. लॅपटॉप बंद झाला. मुखेडवाला म्हणाला, ‘माधुरीला हिरोच न्हाई दिला.’ कंधारवाला म्हणाला, ‘मैत्रिणी हायत त्या, त्यायला कशाला लागतो हिरो?’ आणि झोपला. काही आठवड्यांपूर्वी ‘माजले असते’ म्हणणाऱ्या खोलीत दोन बायका एकमेकींच्या झाल्या, लुटीचा पैसा घेऊन सुखात निघाल्या, आणि कुणाला दिसलंच नाही. मला आधी हसू आलं. मग राग आला. तोंडावर सावली पडली तरी दिसत नसेल, तर मी तरी यांना कधी दिसणार?

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर ‘लिहाफ’ शोधलं. इस्मत चुगताईंची कथा, १९४२ ची. एक बेगम, तिची मालिश करणारी बाई, आणि रात्री रजई हलताना बघणारी लहान पोर. अश्लीलतेचा खटला झाला लाहोरला. इस्मतआपांनी माफी मागितली नाही, आणि कथेत एकही अश्लील शब्द सापडेना म्हणून खटला ढेपाळला. कथा देवनागरीत मिळवून वाचली. तेव्हा समजलं, की सिनेमावाल्यांनी तो शब्द ज्याला ऐकू यावा त्याच्यासाठीच ठेवला होता. न ऐकणाऱ्यासाठी रजई म्हणजे रजईच.

आमच्या दुभाष्याला ऐकू आला होता. आठवडाभरानं गोदावरीच्या घाटावर चहा पिताना तो म्हणाला, ‘ती गोष्ट वाचलीस नं? खोलीवर पुस्तक दिसलं.’ मी म्हणालो, हो. तो म्हणाला, ‘मग ठीक.’ लोह्यातला तो एक माणूस तोच. अजूनही आम्ही यावर एवढंच बोललोय, आणि मला ते पुरतं.

पुढं २०१८ च्या सप्टेंबरात कलम गेलं. २०२० मध्ये ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ आला. दोन पोरं, एक अलाहाबादी बाप, भरपूर गोंधळ. चांगला आहे, पण त्यात प्रत्येक पात्राला मत द्यावंच लागतं, आणि घरी टीव्हीवर लागला तेव्हा चुलत्यांनीही दिलं. चॅनल बदललं. ते पाणी पिऊन आले तेव्हा ‘बनवाबनवी’ सुरू होती.

गेल्या सप्टेंबरात, २०२५ ला, पुण्यात ‘साबर बोंडं’ पाहिला. रोहन कानवडेंचा. सनडान्सला मोठं बक्षीस मिळवून आलेला मराठी सिनेमा. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी गेलेला आनंद आणि तिथला त्याचा बालमित्र बाळ्या. भावकी लग्नाचं विचारत राहते, आई मात्र पोराला ओळखून असते. ती माणसं, ते बोलणं, ते अंगण मला पाठ आहे. मी बघितलेल्यांत हा सगळ्यात खरा सिनेमा. बाहेर आल्यावर ठरवलं, आईला दाखवायचा. घरी पोचेपर्यंत ठरवलं, इतक्यात नको. तो बघताना आमच्यातल्या कुणालाही नजर चोरायला जागा राहणार नाही.

म्हणून दिवाळीत मोबाइलवर ‘डेढ इश्किया’ लावला. माधुरी म्हटल्यावर आई बसली. बंदुकवाल्यांना मनापासून हसली. शायरी आली की शंकरपाळे तळायला उठली. सावल्यांच्या वेळी मात्र समोर होती. तेव्हा काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, ‘शहाण्या निघाल्या दोघी. त्या मेल्यांच्या नादी न्हाई लागल्या.’

थोड्या वेळानं म्हणाली, ‘मग पुढं काय झालं त्यायचं?’

‘राहिल्या असतील की सोबत.’

‘राहतील. पैसा व्हता जवळ.’

टीव्हीखालच्या खणात अहमदपूरच्या मुलीचा बायोडाटा होता, पंधरा दिवसांपासून. मी म्हणालो, ‘माय, त्यायला नकार कळव. आन् दुसरं स्थळही बघू नको.’

‘कामून?’

‘सांगतो. उद्या सांगतो.’

तिनं झारा घेतला आणि शेवटचा घाणा कढईत सोडला.